दिवाळसणाला गेलेला साबण

जबलपूरजवळच्या खमरियाच्या आमच्या क्वार्टरमध्ये फॅक्टरीच्या भोंग्याच्या आधी बाबांच्या ब्रशचा आवाज यायचा. मागच्या अंगणात, मोरीच्या भिंतीला एका खिळ्यावर आरसा टांगलेला असे. त्याच्या खाली विटांचा एक ओटा होता. त्यावर बंबातलं गरम पाणी, ॲल्युमिनियमची वाटी, तुरटीचा खडा आणि एका कोपऱ्यात चेपलेल्या डबीत दाढीचा साबण. बाबा बनियनवर बसत, ब्रश पाण्यात बुडवून एकदा झटकत आणि साबणाच्या वडीवर गोल गोल फिरवायला लागत. आधी नुसती खरखर, मग ती हळूहळू ओली आणि जाड होत जाई आणि शेवटी आवाजच येत नसे. तो आवाज बंद झाला की समजायचं, फेस तयार झाला. बाबा तो गालावर चढवत तेव्हा अंगणभर वास पसरे. बाजारातला साधा साबण, तरी त्यात लिंबासारखं काहीतरी होतं, आणि त्यामागे थोडासा गोडसर, औषधी वास. मी दात घासता घासता तिथेच रेंगाळत असे. त्या वेळी बाबा काही बोलत नसत, कारण ओठ घट्ट मिटून घ्यावे लागत. आमच्या घरात बाबा गप्प असण्याची ती एकच वेळ होती, म्हणूनही मला ती आवडत असावी.

आत आईचा स्टोव्ह फरफरत असे. आमचं मूळ घर अमरावतीकडचं, त्यामुळे जबलपुरात दोन पिढ्या काढूनही आईच्या हातचं तिखट कमी झालं नव्हतं. सकाळी पोळीबरोबर लाल ठेचा किंवा रात्रीच्या झुणक्यात पाण्याचा हबका मारून गरम केलेला गोळा. रविवारी बाबा सायकलवर जाऊन खव्याची जिलबी आणत आणि शेजारचे शुक्लाजी कुंपणावरून विचारत, "क्या भैया, आज फिर जलेबी?" घरात मराठी, कुंपणापलीकडे हिंदी. शालूताई, माझी थोरली बहीण, दोन्ही भाषांत सारखीच भांडायची. ती माझ्याशी भांडायची मराठीत आणि माझी बाजू घेऊन मोहल्ल्यातल्या मुलांशी भांडायची हिंदीत. तिचं नाव इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्या निमित्तानं झालं. तिचा त्यात काही दोष नव्हता. दोष कुणाचा होता, ते मी शेवटपर्यंत लिहिणार आहे आणि ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

आज माझं घाऊक दुकान आहे. टूथपेस्ट, पावडर, डास मारायच्या वड्या आणि दाढीच्या फोमचे डबे. डबा दाबला की फुस्स करून पांढरं काहीतरी हातावर येतं. कापसासारखं हलकं, वास म्हणाल तर दवाखान्याच्या कॉरिडॉरसारखा. मी ते पेट्यांनी विकतो, पण स्वतःच्या तोंडाला कधी लावलेलं नाही. फेस हा घोटावा लागतो. मनगट फिरतं, पाणी थोडं थोडं द्यावं लागतं, कमी झालं तर तो वाळतो आणि जास्त झालं तर गळतो. नीट जमला की दह्याच्या साईसारखा ब्रशला धरून राहतो आणि गालावर गरम गरम बसतो. हे मला कंपनीच्या कुठल्याही माणसानं शिकवू नये.

माझा साबण कसा सुरू झाला ते सांगतो. शाळेत रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा कपडे धुण्याचा साबण करून दाखवला होता. वर्गातली बाकीची मुलं नाक दाबून उभी होती, मी कढईत बघत होतो. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी पडतं, घोटता घोटता ते दाटतं आणि पाहता पाहता तेलाचं तेलपण जातं. मी ठरवलं की दाढीचा साबण करायचा. कपड्यांचा आणि दाढीचा यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, हे कळायला मला पूर्ण उन्हाळा लागला. चरबीचा साबण फेस उत्तम देतो असं सरांनी सांगितलं होतं, पण आमच्या घरात चरबी आणली असती तर आईनं मला कढईसकट बाहेर काढलं असतं. मी खोबरेल घेतलं, महुआच्या, म्हणजे मोहाच्या, बियांचं तेल घेतलं, मेणबत्ती करणाऱ्याकडून त्याच्या कामाचं पांढरं स्टिअरिक घेतलं आणि त्यांचं प्रमाण बदलत बदलत घोटत राहिलो. अंगणातल्या चुलीवर एक जुनी लोखंडी कढई फक्त माझ्यासाठी होती. हातावर कॉस्टिकचे डाग पडले, ते अजून आहेत.

वास मात्र पूर्णपणे माझा. आमच्याकडे उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावत आणि दुपारभर त्यांवर पाणी मारत. जबलपूरच्या त्या भट्टीत ओल्या वाळ्याचा वास आला की माणसाला वाटे, जीव अजून आहे. हंगाम संपला की पडदे विकणारे उरलेली मुळं टाकून देत. मी ती पोत्यानं आणली, धुऊन वाळवली, खोबरेलात बुडवली आणि बरण्या पत्र्यावर उन्हात ठेवल्या. महिनाभर उन्हात मुरलं की त्या तेलाला जो हिरवा, मातकट, थंड वास येई, तो कढईत शिजूनही जात नसे. वर अत्तरवाल्याकडून घेतलेल्या चंदनाचा एखादा थेंब. साच्यासाठी मी बुटाच्या पॉलिशच्या रिकाम्या डब्या वापरत असे, कारण फॅक्टरीच्या वसाहतीत त्या घरोघरी मिळत आणि दाढीच्या वडीला तोच आकार लागतो. डब्या सोड्यात उकळून मी इतक्या घासत असे की आई म्हणायची, "एवढी भांडी घासली असती तं सून आणायची गरज पडली नसती."

पहिल्या वड्या बाबांच्या गालावर गेल्या. हे विसरून चालणार नाही. पहिलीनं त्यांची कातडी सोलवटली, दुसरीचा फेस अर्ध्या दाढीतच मेला आणि बाबा अर्धा गाल तसाच ठेवून फॅक्टरीत गेले. ते चिडले, पण दुसऱ्या रविवारी पुन्हा नवी वडी मागितली. असं किती वेळा झालं असेल कोण जाणे. मग एका सकाळी त्यांनी पूर्ण दाढी केली, गाल पाण्यानं धुतला, हात फिरवला आणि आरशातच बघून म्हणाले, "आज टिकला." एवढंच. बाबांच्या तोंडून मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. नंतर त्यांनी बाजारातला साबण आणणं बंद केलं आणि सकाळी अंगणात वाळ्याचा वास यायला लागला.

मग मी धंद्याला लागलो. अधारतालच्या वाटेवर किशोरी नावाचा एक न्हावी होता, त्याच्या टपरीत दोन खुर्च्या आणि एक कायमचा बंद पडलेला पंखा. मी वडी पुढे ठेवली. त्यानं ब्रश फिरवला, बोटांत फेस चोळला, नाकाशी नेला आणि तोंड असं केलं जसं काही कुजलं आहे. खरेदी करणाऱ्याचं हे तोंड मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. पुढे आयुष्यभर तेच तोंड मी दुसऱ्यांना दाखवलं. तो म्हणाला, "झाग तो ठीक है भैया, पर गिराक को खुशबू से क्या लेना?" मी वडी उचलून खिशात घातली आणि निघालो. त्यानं चौकापर्यंत जाऊ दिलं आणि मग हाक मारली. गिऱ्हाइकांना वास हवाच होता. थोड्याच दिवसांत महाराजपूरपासून पनागरच्या बाजारापर्यंतचे न्हावी 'खमरियावाला साबुन' मागायला लागले आणि मी सायकलला पिशवी अडकवून फिरायला लागलो.

बाबांच्या डोक्यात माझ्यासाठी फॅक्टरी होती. मॅट्रिक झालं की अप्रेंटिस, मग कायम, मग क्वार्टर, मग पेन्शन. मला तो भोंगा नको होता. शहरातले एक घाऊक व्यापारी होते, सगळे त्यांना सेठजी म्हणत. त्यांनी किशोरीकडे दाढी करताना माझा साबण पाहिला आणि मला बोलावून घेतलं. त्यांनी वडी नखानं खरवडली, चाटून पाहिली आणि म्हणाले की दिवाळीनंतर दर महिन्याला माल आणून दे, जितका बनेल तितका, डबीवर नाव तुझं. मी घरी येऊन सांगितलं. बाबा जेवत होते. त्यांनी घास संपवला आणि म्हणाले, दिवाळी होऊ दे, नीट चालला तर फॅक्टरीचा फॉर्म भरू नकोस. एवढा शब्द माझ्या हातात होता. मी तो धरून बसलो होतो.

त्याच वर्षीच्या वैशाखात शालूताईचं लग्न झालं होतं, नागपूरला, रेल्वेच्या ऑफिसात असलेल्या मधुकररावांशी. माणूस दिसायला बरा, मऊ बोलणारा, थोडा ढिला. त्यांची आई मात्र कडक. लग्नातच पंगतीत पापड उशिरा आला म्हणून तिनं सगळ्यांच्या देखत बाबांना ऐकवलं होतं, आणि फॅक्टरीत फोरमनलाही उलट बोलणारे आमचे बाबा हात जोडून उभे होते. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण. जावई सासऱ्याकडे येणार, त्याचं अभ्यंग होणार, आणि जेवणाच्या पानावर तो रुसणार. हे रुसणं आमच्यात ठरलेलंच असतं. ताट वाढलेलं असतं, रांगोळी काढलेली असते, उदबत्ती लागलेली असते, पण जावई हात मांडीवर ठेवून बसतो. सासऱ्यानं विचारायचं, काय हवं. त्यानं मागायचं. दिलं की मग तो पहिला घास घेतो. कुणी घड्याळ मागतं, कुणी सायकल, कुणी अंगठी. आमच्याकडे त्या वर्षी लग्नाचंच देणं निस्तरलं नव्हतं. आई चकल्या तळता तळता मधेच थांबून हातातल्या पाटल्या फिरवायची, हे मी पाहत होतो.

घरभर अनारशांचा आणि उटण्याचा वास होता. जावयासाठी म्हणून आईनं सांभारवड्या केल्या, त्यासाठी मी पनागरहून पिशवीभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणला. पाडव्याच्या सकाळी मी स्वतः अंगणात ओटा धुतला, आरसा पुसला आणि भाऊजींना बसवलं. त्यांच्यासाठी मी वेगळी वडी केली होती. वाळा नेहमीपेक्षा जास्त, चंदनही जरा सढळ. त्यांना कष्ट पडू नयेत म्हणून फेसही मीच घोटला. थंडीची सकाळ, बंबाचा धूर, वाटीतून वाफ येतेय आणि ब्रश वर उचलला की फेस त्याच्याबरोबर उठतोय. भाऊजींनी गालावर लावला आणि डोळेच मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "अरे, हा साबण कुठून मागवता तुम्ही लोक? असा तर नागपुरातही नाही मिळत." ताई दारातून म्हणाली, "मागवता काय? आमच्या मनूनं बनवला." तिच्या आवाजात इतका अभिमान होता की मी दुसऱ्या हाताचा फेसही तितकंच मन लावून घोटला. नंतर ते कितीतरी वेळ आपल्याच गालावरून हात फिरवत बसले होते. मी आयुष्यात पुष्कळ माल विकला, पण मालाचा आनंद घेणारा असा चेहरा क्वचित पाहिला. म्हणूनच पुढचं मला अजून पचलेलं नाही.

दुपारी पंगत बसली. शुक्लाजी आणि त्यांच्या घरच्या बायका मुद्दाम बघायला आल्या होत्या, त्यांना आमच्या या रुसण्याची मोठी गंमत वाटे. पुरणपोळी, वडाभात, कटाची आमटी, सगळं वाढून झालं. भाऊजींनी हात मांडीवर ठेवले. सगळे हसले. बाबाही हसले. त्यांनी विचारलं, "बोला जावईबापू, काय मर्जी आहे?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एक हात दुसऱ्या हाताच्या पाटलीवर.

भाऊजी एकदा ताईकडे बघून म्हणाले, "मला मनोहरचा तो साबण द्या."

"हो, देतो ना. डझनभर वड्या बांधून देतो," मी म्हणालो.

"वड्या नाही. करायचं सगळं द्या. ती कढई, डब्या, तेल, आणि रीत."

सगळं घर हसलं. सुटल्यासारखं हसलं. आईचा हात पाटलीवरून खाली आला. शुक्लाजींच्या बायकोनं म्हटलं, "दामाद हो तो ऐसा, कुछ माँगा ही नहीं बेचारे ने." बाबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ते म्हणाले, "दिला." मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं वाक्यही उच्चारलं, "आणि मनोहर आता हा साबण करणार नाही. जावयाला दिलेलं आम्ही घरात ठेवून घेत नसतो."

हे कुणी मागितलं नव्हतं. भाऊजींच्या तोंडून तसा एक शब्द निघाला नव्हता. पण बाबांच्या हिशेबात जावयाला दिलेली गाय पुन्हा आपल्या दावणीला बांधायची नाही, दिलेलं भांडं पुन्हा आपल्या फडताळात ठेवायचं नाही, हे इतकं पक्कं होतं की त्यांनी माझ्या हाताची कलाही गायीसारखी सोडून दिली. मी म्हणालो, "बाबा, ही काय वस्तू आहे का? रीत शिकवली म्हणून माझ्याकडची संपते का?" बाबा म्हणाले, "चूप बस." मी चूप बसणाऱ्यांतला नव्हतो. मी तिथेच सौदा सुरू केला. म्हटलं, रीत देतो, कढई देतो, शिवाय जन्मभर दर महिन्याला वड्या पाठवतो, फक्त मला माझं करू द्या. भाऊजी म्हणाले, "हो, चालेल की." मी आजही शपथेवर सांगेन, ते म्हणाले. पण बाबांनी ऐकलं नाही, किंवा जावई सभ्यपणानं म्हणतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि मागच्या अंगणात नेलं.

तिथे सकाळचा आरसा अजून टांगलेला होता. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "काहून तमाशा करून राहिला? अर्धं दिलं तं उद्या ती विहीण तुझ्या बहिणीला जन्मभर ऐकवेल, बापानं दिलेलं भावानं परत ओढून घेतलं म्हणून."

"आणि सेठजींना काय सांगू?"

"सांग, बापानं दिला."

"आणि माझं काय?"

बाबा म्हणाले, "तू मुलगा आहेस. तुझं होईल काहीतरी." आणि आत जाऊन पंगतीत बसले. बाहेर मला भाऊजींच्या पहिल्या घासाबरोबर बायकांचा हसण्याचा आवाज ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ताईनं ओवाळलं आणि मी तिच्या ताटात काहीच टाकलं नाही. ती म्हणाली, राहू दे. मग मी भाऊजींना साबण करून दाखवला. खोटं शिकवलं असतं तर त्यांना कळलंही नसतं, एखादं प्रमाण इकडचं तिकडे केलं की झालं. पण मी एकेक गोष्ट दाखवली. तेल किती तापवायचं, कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकमध्ये नाही, किती घोटल्यावर रबरासारखं ओढलं जातं, वाळ्याचं तेल कधी सोडायचं. माझ्या मालाची मी स्वतः नक्कल कशी करू? भाऊजी नाकाला रुमाल लावून दूर उभे होते. मधेच त्यांनी विचारलं, "हे सगळं हातानंच घोटायचं का रे?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "अच्छा," आणि घड्याळाकडे पाहिलं. माझी कढई, डब्या आणि उन्हात मुरलेल्या तीन बरण्या एका ट्रंकेत भरल्या. ती ट्रंक स्टेशनवर मीच डोक्यावरून नेली, कारण जावयाला उचलू देत नसतात.

सेठजींना मी सांगितलं. त्यांनी हिशेबाची वही पुढे ओढली. त्यांना वाटलं, मी भाव वाढवायला आलो आहे. खरं कळल्यावर म्हणाले, "तुम मराठी लोग भी अजीब हो. माल अपने पास रखते, दामाद को घड़ी दे देते." मग म्हणाले की माल नाही तर मजुरी कर. मी त्यांच्या गोदामात पेट्या उचलायला लागलो. फॅक्टरीचा फॉर्म मी भरला नाही आणि बाबांनीही त्याबद्दल विचारलं नाही. पुढे पेट्या उचलणाऱ्यानं पेट्या विकायला कसं घेतलं, सेठजींच्याच गल्लीत स्वतःचं दुकान कसं काढलं, ते वेगळं आहे. त्यात मला कुणाचेच उपकार मानायचे नाहीत. घरी बाबा पुन्हा बाजारातला साबण लावायला लागले. सकाळी ब्रशचा आवाज यायचा, पण मी दात घासायला पुढच्या अंगणात जायला लागलो. जावयाला दिलेल्या वासाची बाबांनाही आठवण येत असेल का, असा विचार बायको कधीकधी माझ्यापुढे मांडते. तिचा स्वभाव चांगला आहे. मी म्हणतो, येत असेल तर त्यांनी एकदा तरी म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही, आणि तसेच ते गेले.

मध्यंतरी नातवानं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. लाकडी वाटीत दाढीचा साबण, वर वाळ्याच्या मुळाची जुडी, खाली पुण्याच्या कुठल्या तरी दोन दाढीवाल्या पोरांचे हसरे फोटो आणि भाव असा की मी चष्मा काढून पुसला. "आजोबा, हे लोक म्हणतात, भारतात हे पहिल्यांदा आम्ही केलं," तो म्हणाला. त्याला मराठी नीट बोलता येत नाही, हे वाक्य त्यानं अर्धं हिंदीतच म्हटलं. मी मोबाइल त्याच्या हातात परत दिला आणि दुपारी दुकानात दोन गिऱ्हाइकांशी विनाकारण भांडलो.

गेल्या हिवाळ्यात शालूताई आणि भाऊजींच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव झाला, मुलांनी वैशाखातलं ऊन टाळून नागपूरला हॉल घेतला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघंच घरात होतो. भाऊजी आता ऐकायला कमी, पण डोकं शाबूत. ताई संत्री सोलत होती. मी इतकी वर्षं गप्प होतो, का त्या दिवशी बोललो ते माहीत नाही. मी विचारलं, "भाऊजी, दिवाळसणाला तुम्ही माझा साबण का मागितला होता?"

"कोणता साबण?" ते म्हणाले.

ताईनं मोठ्यानं सांगितलं. कढई, वाळा, पाडवा. त्यांना आठवायला वेळ लागला, आणि आठवल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हो हो. अरे, आईनं मला बजावून पाठवलं होतं, सोन्याची अंगठी माग म्हणून. पण हिनं रस्त्यात सांगितलं, हिच्या आईच्या पाटल्या जातील. मग विचार केला, असं काही मागावं की मामंजींचं काहीच जाणार नाही. सकाळी तो साबण पाहिला होता. म्हटलं, हे बरं आहे. यात कुणाचं काय जातंय?"

त्यांना वाटत होतं, मी त्यांचं कौतुक करीन. ताईनंही पन्नास वर्षं त्यांचं याबद्दल कौतुकच केलं असणार. मी विचारलं की मग तो साबण केला का कधी. उत्तर ताईनं दिलं. ट्रंक उघडल्या दिवशीच सासूनं ती अंगणाबाहेर काढायला लावली होती, साबण म्हणजे चरबी, आणि चरबीची कढई तिला दारात नको होती. महुआचं तेल आहे, खोबरेल आहे, ताई सांगत राहिली, पण ऐकणार कोण. "तुला कळलं असतं तं वाईट वाटलं असतं, म्हणून नाही कळवलं," ताई म्हणाली. मग संत्र्याची फोड माझ्यापुढे धरत म्हणाली, "पण मनू, तू तिकडे करतच असशील असं मला वाटायचं. तू काहून सोडलं?"

"बाबांनी शब्द दिला होता," मी म्हणालो. "मी करणार नाही म्हणून."

भाऊजींनी कानामागे हात धरला. "कुणाला दिला होता शब्द?"

"तुम्हाला."

"मला?" त्यांनी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही बुवा. मला कशाला हवा होता तो?"

मी संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढून निघून आलो. ताईचा फोन येतो, तो बायको घेते. सगळे म्हणतात, आता या वयात सोडून द्या, त्यांनी तर चांगल्या मनानं केलं, बाबांनी पोरीसाठी केलं. असेल. मी जन्मभर सौदे केले, त्यात हरलोही पुष्कळ, आणि हरलेला सौदा मी दुसऱ्या दिवशी विसरतो, कारण माझं गेलं ते समोरच्याला मिळालेलं असतं. हा एकच सौदा असा झाला की बाबांनी माझं दिलं आणि ते कुणीच घेतलं नाही.